सिलिंडर भिंतीवर, कामगार आगीत

३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाड औद्योगिक वसाहतीतील ब्लू जेट हेल्थकेअर या औषधी रसायने तयार करणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला. पाठोपाठ आग लागली आणि रसायनांची पिंपे एकामागून एक फुटू लागल्याने मदतीस धावून आलेल्यांना आत शिरणे अशक्य झाले. ११ कामगार बेपत्ता झाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला पाचारण करावे लागले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ७ मृतदेह हाती आले. फाटकाबाहेर बसलेल्या आईबापांना आपला मुलगा कोणता हे ओळखणेही कठीण झाले होते. भरपाईचे आकडे जाहीर झाले, चौकशीची घोषणा झाली, आणि महाड-पोलादपूरची जनता पुन्हा आपापल्या पाळीवर रुजू झाली.

या घटनेच्या दोनच दिवस आधी, १ नोव्हेंबरला, याच कंपनीच्या समभागांची शेअरबाजारात प्रथम नोंदणी झाली होती. सुमारे ८४० कोटी रुपयांची ती विक्री सर्वस्वी जुन्या भागधारकांनी आपल्या हातचे समभाग विकण्याची होती. कारखान्याच्या तिजोरीत तीतून एक पैसाही यावयाचा नव्हता. यात बेकायदेशीर काही नाही, आणि दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध जोडण्याचेही कारण नाही. स्फोटाचा दोष कोणाकडे जातो हे ठरविणे तपासयंत्रणेचे व न्यायालयाचे काम आहे. परंतु या दोन तारखा शेजारी ठेवल्या म्हणजे एक प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि तो एका कंपनीचा नसून सबंध व्यवस्थेचा आहे.

समभाग विकावयाचे असतील तर कंपनीला माहितीपत्रक काढावे लागते. शेकडो पानांच्या त्या माहितीपत्रकात ‘जोखमीचे घटक’ असे एक लांबलचक प्रकरण घालणे कायद्याने सक्तीचे आहे. रसायनांचा धंदा असेल तर ज्वालाग्राही पदार्थ, स्फोट, आग, कारखाना बंद पडण्याची शक्यता हे सारे तेथे मांडावे लागते. म्हणजे जो मनुष्य पंधरा-वीस हजार रुपये गुंतवणार आहे, त्याच्यापुढे धोक्याची यादी पैसे घेण्यापूर्वी ठेवली पाहिजे, असा या देशाचा दंडक आहे. आणि जो मनुष्य आपले शरीर गुंतवणार आहे, त्याचे काय? पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून पहाटेच्या एस.टी.ने येणारा, किंवा उत्तर प्रदेश-बिहारमधून येऊन बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत चौघापाचांसह राहणारा कंत्राटी कामगार पहिल्या दिवशी फाटकातून आत जातो, तेव्हा त्याच्या हाती कोणते माहितीपत्रक पडते? भांडवलाला धोक्याचे ज्ञान हक्काने मिळते आणि श्रमाला ते दयेनेही मिळत नाही, ही या प्रश्नाची खरी विषमता होय.

पहिली सही

पहिल्या दिवशी काय घडते हे औद्योगिक वसाहतीत वावरणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला ठाऊक आहे. आधार कार्डाची प्रत, दोन छायाचित्रे, हेल्मेट, मापाला न बसणारे बूट आणि एका रजिस्टरावर सही. त्या रजिस्टराच्या मथळ्यावर ‘सुरक्षा प्रशिक्षण’ असे लिहिलेले असते. प्रशिक्षण म्हणजे ही सही. पुढे तो ज्या खात्यात जातो तेथे भिंतीवर लाल रंगाचा अग्निशामक सिलिंडर टांगलेला असतो. त्याच्या गळ्यात चिठ्ठी असते, चिठ्ठीवर तपासणीची तारीख असते आणि अंगावर इंग्रजीत सूचना छापलेली असते. कामगार त्या सिलिंडरासमोरून वर्षभर ये-जा करतो, पण त्याला हात लावीत नाही. हात लावला आणि चुकून दाबला गेला तर भरण्याचा खर्च पगारातून कापतील, ही धास्ती त्याला आगीपेक्षा अधिक असते.

मग हा सिलिंडर कोणासाठी आहे? तो निरीक्षकासाठी आहे. तो विमा कंपनीसाठीही आहे, कारण अग्निशमनाची साधने बसविल्यास हप्त्यात सूट देण्याची पद्धत विमाव्यवसायात जुनी आहे. भिंतीवरच्या साधनाला अशी किंमत मिळते, ते चालविण्याचे ज्ञान असलेल्या हाताला मिळत नाही. साहजिकच मालक साधन विकत घेतो आणि हात मात्र अडाणी ठेवतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याचे वर्तन पूर्णपणे तर्कशुद्ध आहे. अनर्थ आहे तो या तर्कातच.

ज्ञान किती थोडे आहे

हे ज्ञान गहन असते, त्याला वर्षे लागत असती, तर गोष्ट निराळी. वस्तुतः ते एका दुपारचे आहे.

आगीला तीन गोष्टी लागतात: जळणारा पदार्थ, हवेतला प्राणवायू आणि उष्णता. यांपैकी एक काढून घेतली की आग मरते. अग्निशमनाचे सर्व शास्त्र या एका वाक्याचा विस्तार आहे. लाकूड, कागद, कापड, पुठ्ठा पेटला तर पाणी मारावे, कारण पाणी उष्णता काढून घेते. टोल्युइन, ॲसिटोन, मिथेनॉल यांसारखे द्रव पेटले तर पाण्याचा झोत मारू नये. पाण्यापेक्षा हलका द्रव पाण्यावर तरंगत जळत जातो आणि आग शेजारच्या खात्यात नेतो. तेथे पावडर किंवा फेस हवा. पण साधा फेस मिथेनॉल-ॲसिटोनवर विरून जातो, त्यासाठी वेगळा फेस असतो. विजेच्या पॅनेलला कार्बन डायऑक्साइड, आणि पहिले काम म्हणजे पुरवठा तोडणे. सोडियमसारख्या धातूला पाणी दाखविणे म्हणजे हायड्रोजन निर्माण करून स्फोटाला आमंत्रण देणे होय. तेथे कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची खास पावडर लागते. म्हणजे रसायनांच्या कारखान्यात ‘आग लागली, पाणी मारा’ ही सर्वसामान्य माणसाची सहजप्रवृत्तीच प्राणघातक ठरू शकते. ज्याला हे कोणी सांगितलेले नाही तो शौर्य दाखवितो आणि मरतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या नावापुढे ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहिले जाते.

सिलिंडर चालविण्याच्या क्रिया अवघ्या चार आहेत. पिन ओढावी. नळीचे तोंड ज्वाळांच्या शेंड्याकडे नव्हे, आगीच्या बुडाशी धरावे. मूठ दाबावी. झोत डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झाडूसारखा फिरवावा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरात तोंडाचा कर्णा हाताने पकडू नये, कारण तो गोठवणाऱ्या थंडीने हात भाजतो. कोंदट खोलीत तो वायू सोडल्यावर तेथे थांबू नये, कारण जो वायू आगीचा श्वास कोंडतो तो माणसाचाही कोंडतो. हातात धरण्याचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. या एका आकड्यात सारे आले. पंधरा-वीस सेकंदांत सूचना वाचता येत नाही, मुकादमाला विचारता येत नाही, पिन कोठे आहे हे शोधताही येत नाही. ज्याच्या हाताने ते एकदा तरी केले आहे, त्याच्याच हातून ते होते.

याहून महत्त्वाचे ज्ञान निराळेच आहे: सिलिंडर केव्हा टाकून द्यावा आणि पळावे. आग कमरेएवढी वाढली, छताला धूर भरला, आपल्या आणि दाराच्या मध्ये ज्वाळा येण्याचा संभव दिसला, किंवा पिंपांच्या रांगेला आच लागली, की हाताच्या सिलिंडराचे काम संपले. म्हणूनच आग विझविणाऱ्याने पाठ नेहमी दाराकडे ठेवावी असा नियम आहे. ब्लू जेटमध्ये घडला तसा स्फोट हाताच्या सिलिंडराने थोपविता येत नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तेथे उपयोगी पडते ते दुसरे ज्ञान. द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत सरपटत दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. पिंपातून द्रव ओतताना स्थिर विजेची ठिणगी पडू शकते, म्हणून पिंप व भांडे तारेने जोडून जमिनीशी भिडवावे लागते. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. आणि भोंगा वाजल्यावर कोणत्या दाराने, वाऱ्याच्या कोणत्या दिशेला जाऊन, कोठे उभे राहून हजेरी द्यावयाची हेही कळले पाहिजे. हजेरीचे महत्त्व फार थोड्यांना कळते. कंत्राटदाराचे रजिस्टर एका ठिकाणी, कंपनीचे दुसऱ्या ठिकाणी आणि बदलीवर आलेला मुलगा दोन्हींत नाही, अशी स्थिती असेल तर आत कितीजण राहिले हे बाहेरच्याला सांगता येत नाही. अग्निशमन दलाचा जवान ज्याचा शोध घ्यावयाचा त्याची संख्याच जाणत नाही.

कायदा काय म्हणत होता

कोणी असे म्हणेल की कायदा अपुरा होता. ते खरे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३८ मध्ये आगीच्या वेळी सुटकेचे मार्ग आणि आग विझविण्याची साधने ठेवण्याची सक्ती होती. एवढ्यावर न थांबता, प्रत्येक कामगाराला सुटकेच्या मार्गांची ओळख असली पाहिजे व अशा वेळी काय करावयाचे याचे पुरेसे शिक्षण त्याला मिळालेले असले पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ घडले, हजारो माणसे गुदमरून मेली, आणि त्यानंतर १९८७ च्या दुरुस्तीने कायद्यात नवे प्रकरण आले. घातक प्रक्रिया असलेल्या प्रत्येक कारखान्यात कामगार व व्यवस्थापन यांच्या समान प्रतिनिधींची सुरक्षा समिती सक्तीची झाली. कामगाराला सुरक्षेची माहिती मागण्याचा आणि प्रशिक्षण मिळविण्याचा हक्क मिळाला. महाराष्ट्राने २००६ साली आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार परवानाधारक संस्थेने साधने तपासून दिलेले प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते.

या प्रमाणपत्राची मेख लक्षात घेण्यासारखी आहे. तपासणारी संस्था निवडतो मालक, तिचे बिल भागवतो मालक आणि तिला पुढच्या जुलैत पुन्हा बोलावणाराही मालकच. ज्याची परीक्षा त्यानेच परीक्षक नेमावा, आणि परीक्षकाचे पोट परीक्षार्थ्याच्या समाधानावर अवलंबून असावे, ही कोणती परीक्षा? शिवाय ती साधनांची परीक्षा आहे, माणसांची नव्हे. सिलिंडरातला दाब हिरव्या पट्ट्यात आहे की नाही हे तीत नोंदविले जाते. कोकणातल्या ओल्या हवेत पावडर गठ्ठा होऊन बसली आहे का, हेही कर्तव्यदक्ष तंत्रज्ञ पाहील. परंतु शेजारी उभ्या असलेल्या कामगाराला ‘हा चालवून दाखव’ असे म्हणण्याचा रकाना त्या कागदावर नाही.

आता तर कायद्याची वाटचालच उलट दिशेने सुरू झाली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाना कायदा नव्या श्रमसंहितांच्या पोटात गेला. जुन्या कायद्यात वीज वापरणाऱ्या १० कामगारांच्या जागेला कारखाना म्हटले जाई, नव्या संहितेत ती मर्यादा २० वर गेली. घातक कारखान्यात सुरक्षा समिती पूर्वी कायद्यानेच असे, आता ती सरकारने आदेश काढल्यास असेल. निरीक्षकाच्या नावाला ‘सुविधाकार’ अशी शेपटी जोडण्यात आली. कोणाच्या सुविधेसाठी, हे सांगण्याची गरज नाही. जुन्या कायद्यात सुरक्षेच्या तरतुदींचा भंग होऊन मृत्यू घडल्यास दंडाची किमान रक्कम २५ हजार रुपये होती. नव्या संहितेत ती ५ लाख झाली आहे, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. परंतु कारावास ‘किंवा’ दंड, या ‘किंवा’त सारा वर्गसंबंध दडलेला आहे. ज्याच्याजवळ पाच लाख आहेत त्याच्यासाठी तो एक खर्चाचा रकाना असतो.

शिकवणे का परवडत नाही

कायदा होता, ज्ञान एका दुपारचे होते, तरी ते कामगारापर्यंत का पोचले नाही? याचे उत्तर कंत्राटी पद्धतीत आहे. जो कामगार वीस वर्षे राहणार आहे त्याला शिकविणे ही मालकाच्या दृष्टीनेही गुंतवणूक असते. जो तीन महिन्यांनी दुसऱ्या कंत्राटदाराच्या खात्यावर, दुसऱ्या नावाच्या कारखान्यात जाणार आहे, त्याला शिकविणे हा मालकाच्या दृष्टीने निव्वळ खर्च होय, कारण शिकलेला हात शेजारच्याला मिळणार असतो. अशा रीतीने प्रत्येक मालक वाट पाहतो की शिकविण्याचे काम दुसऱ्याने करावे, आणि अखेरीस कोणीच करीत नाही. ज्ञान ही सामाजिक वस्तू आहे आणि ती खाजगी हिशेबातून निर्माण होत नाही, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक तत्त्व येथे माणसांच्या राखेने सिद्ध होते.

पोलादपूर तालुक्याला हा अनुभव नवा नाही. या डोंगराळ मुलखातला पुरुष पिढ्यान्पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेला. तेथे तो आधी बदली होता आणि पुष्कळ वर्षांनी कायम झाला. कायम झाल्यावर त्याला युनियन मिळाली, खात्याची माहिती मिळाली, यंत्राचा स्वभाव कळला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि त्याची मुले-नातवंडे घराजवळच्या रसायनी कारखान्यांत आली. फरक एवढाच की हा नवा बदली कधी कायम होत नाही, आणि त्याच्या खात्यातले यंत्र सुताचे नसून स्फोटकाचे आहे.

स्त्रियांची स्थिती तर याहून वाईट. ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथील रासायनिक कारखान्याच्या आगीत १७ कामगार मेले. त्यांत १५ स्त्रिया होत्या. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यात पुन्हा स्त्रियाच जळाल्या. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला वाळूजच्या हातमोज्यांच्या कारखान्यात रात्री झोपलेले ६ कामगार मेले. डोंबिवलीने २६ मे २०१६ रोजी स्फोट पाहिला आणि २३ मे २०२४ रोजी पुन्हा पाहिला. नावे बदलतात, वसाहती बदलतात, मृतांचा वर्ग बदलत नाही.

नेहमीचे तीन युक्तिवाद

पहिला युक्तिवाद दैवाचा. अपघात कोणाच्या हातात असतो, असे म्हटले जाते. पण दैव इतके हिशेबी कसे, की ते नेमके कंत्राटी खात्यात शिरते आणि कार्यालयाच्या वातानुकूलित मजल्यावर क्वचितच जाते?

दुसरा निष्काळजीपणाचा. कामगार विड्या ओढतात, चष्मे लावीत नाहीत, सूचना पाळीत नाहीत, असे सांगितले जाते. यात तथ्याचा अंश आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु काळजी ही ज्ञानातून उत्पन्न होते. घरातल्या गॅसच्या सिलिंडराचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नये, रेग्युलेटर बंद करून खिडकी उघडावी, हे आज महाडच्या वाडीवस्तीतल्या गृहिणीला ठाऊक आहे. तिला कोणी निष्काळजी म्हणत नाही, कारण तिला कोणीतरी सांगितले. तिच्याच मुलाला कारखान्यात कोणी सांगितले नाही, म्हणून तो निष्काळजी ठरतो.

तिसरा युक्तिवाद सर्वांत बलवान भासतो: निर्बंध वाढविले तर उद्योग शेजारच्या राज्यात जातील आणि या तालुक्यांना पुन्हा मुंबईची वाट धरावी लागेल. बेकारीने गांजलेल्या मुलखात हा युक्तिवाद चालतो, कारण त्यामागे खरी भीती आहे. पण हिशेब करून पाहावा. एका कामगाराची अर्धा दिवस मजुरी आणि एक पावडरचा सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च, फार तर दोन-तीन दिवसांच्या मजुरीइतका. एवढ्या रकमेसाठी रसायनांचा कारखाना यंत्रे उपटून राज्य सोडून जाईल, असे ज्याला वाटते त्याने कारखान्याचा ताळेबंद कधी पाहिलेला नाही. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ कामगार मेले. बहुतेक तरुण स्त्रिया होत्या आणि एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. त्यानंतर त्या राज्याने एकामागून एक सुरक्षेचे कायदे केले, तरी तेथील उद्योग बुडाला नाही. २४ एप्रिल २०१३ च्या राणा प्लाझाच्या दुर्घटनेत अकराशेहून अधिक कामगार गाडले गेले. त्यानंतर बांगलादेशात कामगार संघटनांनी परदेशी खरेदीदार कंपन्यांकडून कायद्याने बांधून घेणारा करार मिळविला, आणि कपड्यांचा धंदा तेथून निघून गेला नाही. तेथील कामगार संघटना दुबळ्या होत्या, पण त्यांनी योग्य मागणी केली.

संघटनांचा दोष

येथेच कामगार चळवळीने स्वतःकडे वळून पाहावयास हवे. मागण्यांच्या सनदा काढून पाहाव्यात. पगारवाढ, बोनस, घरभाडे, रजा यांना पाने असतात. सुरक्षेला शेवटचे एक कलम, आणि तेही वाटाघाटीत सर्वांत आधी सोडून द्यावयाचे. धोक्याच्या खात्यात काम करण्याबद्दल भत्ता मागितला जातो. भत्ता मिळाला की धोका विकला गेला, हे कोणी बोलत नाही. आणि आग लागली, माणसे मेली, की पुढारी फाटकावर जमतात. मृतदेह ताब्यात घेणार नाही अशी घोषणा होते, पाचाचे दहा, दहाचे तीस लाख होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. मृताच्या कुटुंबाला ती रक्कम मिळालीच पाहिजे, त्यासाठी भांडलेच पाहिजे. परंतु ज्या चळवळीची शक्ती केवळ प्रेताच्या किमतीसाठी एकवटते आणि जिवंत माणसाच्या शिक्षणासाठी एकवटत नाही, ती चळवळ नकळत त्याच बाजाराची दलाल बनते. कंत्राटी कामगार आपला सभासद नाही, त्याची वर्गणी येत नाही, म्हणून त्याच्या सुरक्षेचा प्रश्न आपला नाही, अशी मनोवृत्ती तर अधिकच लाजिरवाणी आहे. आग सभासदत्वाची पावती पाहून जाळीत नाही.

महाड-पोलादपूरमध्ये माणुसकीची वा धाडसाची वाण नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल वाहून गेला, २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची तारिक गार्डन ही इमारत कोसळली, २२ जुलै २०२१ रोजी तळिये दरडीखाली गेले आणि त्याच दिवसांत पोलादपूरच्या वाड्यांवरही दरडी आल्या. प्रत्येक वेळी इथल्या तरुणांनी दोर, फावडी, होड्या घेऊन धाव घेतली. मृत्यू आल्यानंतर काय करावे हे या मुलखाला आता फार चांगले कळते. तो येण्यापूर्वीच्या पंधरा सेकंदांत काय करावे हे मात्र त्याला कोणी शिकविलेले नाही.

म्हणून एकच मागणी पुढे यावी, साधी, मोजता येणारी आणि टाळता न येणारी. कायम असो वा कंत्राटी, स्त्री असो वा पुरुष, कोणत्याही कामगाराला पहिल्या पाळीवर पाठविण्यापूर्वी त्याने स्वतःच्या हाताने एक अग्निशामक सिलिंडर खऱ्या आगीवर रिकामा केलेला असला पाहिजे. हे कामाच्या वेळात, पगारी वेळेत व्हावे. आपल्या खात्यात कोणती रसायने आहेत, त्यांना पाणी चालते की नाही, सुटकेची दोन दारे कोणती, हे त्याला मराठीत, आणि परप्रांतीय असेल तर त्याच्या भाषेत सांगितले जावे. सर्व कंत्राटदारांची मिळून एकच हजेरी फाटकावर असावी. दर सहा महिन्यांनी न सांगता भोंगा वाजवून कवायत व्हावी. आणि हे झाले असा दाखला मालकाने नेमलेल्या संस्थेने न देता कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधीने द्यावा. त्याची सही नसेल तर जानेवारी-जुलैचा कागद अपुरा समजला जावा. कायदा होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. बिरवाडी, जिते, आसनपोई येथील वस्त्यांत, पोलादपूरच्या वाड्यांवर, रविवारी एका मोकळ्या मैदानात एक पत्र्याचा ट्रे, थोडे डिझेल, चार सिलिंडर आणि एक निवृत्त अग्निशमन जवान एवढ्यावर कार्यकर्त्यांना हे शिक्षण सुरू करता येईल. ज्या कामगाराने ते घेतले तो दुसऱ्या दिवशी खात्यात जाऊन भिंतीकडे निराळ्या नजरेने पाहील. सिलिंडर कोरडा आहे, चुकीच्या जातीचा आहे, पिंपांच्या मागे दडला आहे, हे त्याला दिसेल आणि तो विचारील. हा प्रश्नच व्यवस्थापनाला सर्वांत नकोसा असतो.

महाडला या गोष्टीचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद दोन झाले, तळे मात्र होते तसेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी पायऱ्या उतरून ओंजळ पाण्यात घातली, हजारोंच्या ओंजळी मागोमाग पडल्या, तेव्हा तो हक्क कागदावरून उतरून हातात आला. पुढे मजूरमंत्री म्हणून त्यांनीच कारखान्याच्या कामाचा आठवडा ४८ तासांवर आणण्याची दुरुस्ती पुढे नेली.

दरवर्षी १४ एप्रिलला महाडच्या चवदार तळ्यावर जयंतीची गर्दी लोटते. त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, कारण १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट होऊन अग्निशमन दलाचे ६६ जवान कामावर असताना मरण पावले. कारखान्यांच्या फाटकांत त्या दिवशी फलक लागतात, अधिकारी प्रात्यक्षिक करतात आणि कामगार लांब उभे राहून टाळ्या वाजवितात. येत्या १४ एप्रिलला त्या टाळ्या थांबल्या पाहिजेत. कामगाराने रांगेतून पुढे यावे आणि सिलिंडर अधिकाऱ्याच्या हातून आपल्या हातात मागून घ्यावा. ओंजळ पाण्याला लागेपर्यंत तळे खुले झाले नव्हते, आणि कामगाराचा हात त्या मुठीला लागेपर्यंत कारखान्यात सुरक्षा आली असे कोणी म्हणू नये.